नैसर्गिक गोड वाइन कशी करतात, लेबल कसं वाचतात: क्रम, आकडे आणि हमखास होणाऱ्या चुका

गोड वाइनबद्दल विचारणाऱ्यांच्या बोलण्यात तीन गैरसमज पुन्हा पुन्हा येतात. पहिला, वाइन तयार झाल्यावर साखर घातली की डेझर्ट वाइन होते. दुसरा, द्राक्षं वेलीवर महिनाभर जास्त ठेवली की बाकीचं आपोआप जमतं. तिसरा, लेबलवर ‘लेट हार्वेस्ट’, ‘श्पेटलेजे’ किंवा ‘नॅचरल’ असा शब्द दिसला की बाटली गोडच निघणार. हे तिन्ही चुकीचे आहेत. पहिल्या दोहोंपायी वाइन वाया जाते आणि तिसऱ्यापायी पैसे.

या लेखात नैसर्गिक गोड वाइन म्हणजे जिची गोडी फक्त द्राक्षातून आली आहे अशी वाइन. तिच्यात वरून साखर घातलेली नसते आणि फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टने साखरेचं अल्कोहोल करणं, थांबवायला स्पिरिटही (तीव्र अल्कोहोल) ओतलेलं नसतं. पोर्तुगालची पोर्ट स्पिरिट घालून करतात, त्यामुळे ती इथे बसत नाही. नाताळसाठी साखर घालून केली जाणारी वाइनही वेगळी.

पहिला भाग करणाऱ्यांसाठी आहे, शेवटची पायरी विकत घेणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात वाइन बनवायला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, हे गृहीत धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

## पायरी १: गोडी कुठून येणार, ते छाटणीआधी ठरवा

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. १ टक्का अल्कोहोलला दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च होते. कागदावर हे गणित मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समजा रस ३० ब्रिक्सचा आहे. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साधारण वजनाच्या टक्क्यांत. त्यात लिटरला मोटामोटी ३१५ ग्रॅम साखर असते. फर्मेंटेशन ११ टक्के अल्कोहोलवर थांबवलं तर १८७ ग्रॅम खर्च होते आणि १२८ ग्रॅम उरते. ही उरलेली साखर म्हणजेच वाइनची गोडी. आता २४ ब्रिक्सचा रस घ्या, साधारण २४० ग्रॅम साखरेचा. तो ११ टक्क्यांपर्यंत नेला तर ५० ग्रॅमच्या आसपासच साखर उरते. डेझर्टसोबत प्यायला ती पुरेशी नाही. तोच रस ६ टक्क्यांवर थांबवला तर १३८ ग्रॅम उरेल, पण ती वाइन हलकी, मोस्कातो या कमी अल्कोहोलच्या इटालियन गोड वाइनच्या वळणाची होईल. दोन्ही चालतात, फक्त कोणती हवी ते आधी माहीत पाहिजे.

रसातली साखर दाट करण्याचे मुख्य मार्ग चार आहेत:

- वेलीवर सुकवणं. लेट हार्वेस्ट. काही ठिकाणी घड लागलेली काडीच कापतात आणि घड तारेवर तसेच सुकू देतात.
- तोडून सुकवणं. इटलीत याला पास्सितो म्हणतात. पांतेल्लेरिया बेटावरची झिबिब्बो द्राक्षं, वेनेतो भागातली रेचोतो आणि तोस्कानातली विन सांतो ही याची उदाहरणं.
- बोट्रायटिस. बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी पिकलेल्या मण्याची साल भेदते आणि आतलं पाणी उडून जातं. या उपयोगी कुजीलाच ‘नोबल रॉट’ म्हणतात. फ्रान्सचं सोतेर्न आणि हंगेरीचं तोकाय यावर उभं आहे.
- गोठवणं. आइसवाइन. घड वेलीवरच गोठतात, गोठलेलेच प्रेसमध्ये जातात, पाण्याचा बर्फ आत राहतो आणि दाट रस बाहेर येतो.

नाशिक, सांगली किंवा पुण्याच्या बागेत पहिल्या दोन मार्गांचाच विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे. सोतेर्नमध्ये सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते, शरदात सकाळी धुकं धरतं आणि दुपारी ऊन पडून मणी कोरडे होतात. बुरशीला रोज ओल आणि रोज सुकणं, दोन्ही लागतं. आपल्याकडे तोडणीच्या दिवसांत हवा कोरडी असते, आणि ओल आलीच तर ती अवकाळी पावसाची असते. त्यातून मणी तडकतात आणि साधी कूज होते.

सावधान: कुजलेल्या घडाला ‘नोबल रॉट’ म्हणून टाकीत घालू नका. वास घेऊन पाहा. व्हिनेगरसारखा किंवा मातकट वास आला तर तो घड फेकायचा.

## पायरी २: बागेतली तयारी

एप्रिलची खरड छाटणी आणि त्यानंतरची फळछाटणी सगळ्यांना माहीत आहे. गोड वाइनच्या प्लॉटसाठी त्यात तीन गोष्टी वाढवा.

वाण. आम्लता टिकवून धरणारा वाण घ्या. शेनिन ब्लाँ याला सर्वांत योग्य. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात कोतो द्यु लेयों आणि कार द शोम या गोड वाइन याच द्राक्षाच्या होतात, आणि नाशिककडेही लेट हार्वेस्ट शेनिन बाटलीत आलेली आहे. आम्लता नसेल तर १२० ग्रॅम साखरेची वाइन पाकासारखी लागते, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही.

घडांची संख्या. नेहमीपेक्षा कमी ठेवा. घड सुटे आणि हवेशीर राहिले पाहिजेत. दाटीवाटीच्या घडात आतले मणी फुटतात आणि बाहेरून ते दिसतही नाही.

फवारणी. शेवटची गंधकाची फवारणी तोडणीपासून लांब ठेवा आणि प्रत्येक औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं किमान दिवसांचं अंतर, पाळा. दाट रसात राहिलेलं गंधक फर्मेंटेशनमध्ये सडक्या अंड्याचा वास देतं, आणि गोड वाइनमधून तो काढणं फार त्रासाचं काम आहे.

जाळी लावा. बाकीची बाग मोकळी झाली की गावातले सगळे पक्षी तुमच्याच प्लॉटवर येतात.

आता पैशाची गोष्ट, कारण इथे शेतकरी आणि वाइनरी यांच्यात भांडणं होतात. २२ ब्रिक्सचा माल सुकून ३० ब्रिक्सला आला तर १०० किलोचे साधारण ७३ किलो उरतात. पक्षी आणि कूज यांचा तोटा वेगळा. नेहमीच्या किलोच्या दराने हा माल घेणं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून वाइन करणं. करार एकराच्या हिशोबाने करा किंवा ब्रिक्सनुसार चढता दर लिहून ठेवा, आणि हे फळछाटणीच्या आधीच व्हायला हवं. घड सुकायला लागल्यावर बोलणी सुरू केली की बिचारा शेतकरी घाबरून २४ ब्रिक्सलाच तोडून मोकळा होतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

## पायरी ३: सुकवणं आणि तोडणी

घड नुसते वेलीवर ठेवले तर साखर वाढते, पण मार्चच्या उन्हात आम्लता झपाट्याने खाली येते. म्हणून काडी कापण्याची पद्धत आपल्या हवेला जास्त सोयीची वाटते. २२ ते २३ ब्रिक्सला, आम्लता अजून चांगली असताना, फळकाडी कापायची. घड तारेवरच राहतात, वेलीकडून त्यांना पाणी मिळत नाही, आणि मण्यातली साखर व आम्ल दोन्ही दाट होतात. एका वेलीच्या सगळ्या काड्या मात्र कापू नका. पुढच्या हंगामासाठी वेलीला पानं लागतात.

तोडून सुकवायची असतील तर तासगावकडची बेदाण्याची शेड डोळ्यांसमोर येते. सावली, जाळीचे थर आणि खेळती हवा ही व्यवस्था उत्तमच आहे. पण बेदाण्याला देतात ते डिपिंग ऑइल, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटचं द्रावण, वाइनच्या द्राक्षांना लावू नका. त्याने साल लवकर पाणी सोडते, पण आपल्याला घाई नाही आणि रसात ते उतरायला नको. बेदाणा होईपर्यंत थांबायचंही नाही, कारण मणी चुरगळलेला पण आतून रसाळ हवा.

तोडणी पहाटे करा. सगळं एका दिवसात तोडायची घाई नको. सोतेर्नमध्ये मजूर एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा येतात आणि दर फेरीला तयार झालेलाच भाग घेतात. आपल्याकडे किमान दोन फेऱ्या करायला हरकत नाही.

तपासा: ब्रिक्स एका घडावरून ठरवू नका. प्लॉटच्या वेगवेगळ्या ओळींतून, घडाच्या वरून-खालून, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूने मिळून शंभरेक मणी घ्या, एकत्र चुरडा आणि तो रस मोजा. सुकलेल्या मण्यातली साखर लगेच सुटत नाही, म्हणून रस काही तास ठेवून पुन्हा मोजा. दुसरा आकडा जास्त येतो आणि तोच खरा.

सोबत पीएच आणि एकूण आम्लताही मोजा. फक्त ब्रिक्सवर तोडणी ठरवणं ही इथली सर्वांत मोठी चूक आहे.

## पायरी ४: प्रेस

हळू, कमी दाबाने आणि जास्त वेळ. सुकलेला मणी रस सोडायला वेळ घेतो, त्यामुळे नेहमीचा दीड-दोन तासांचा प्रोग्रॅम इथे चालत नाही.

सुकलेल्या आणि बोट्रायटिसच्या द्राक्षांत नंतरच्या दाबाला येणारा रस जास्त गोड असतो. आइसवाइनमध्ये उलटं. तिथे पहिला रस सर्वांत दाट, आणि बर्फ वितळू लागला की तो पातळ होत जातो. म्हणून आपल्या मालाचा शेवटचा रस ‘कडवट असेल’ म्हणून फेकू नका, वेगळा काढा, चाखा आणि मग ठरवा.

रस रात्रभर थंड ठेवून गाळ खाली बसू द्या. पीएच ३.५ च्या वर असेल तर टार्टारिक आम्ल याच टप्प्यावर, फर्मेंटेशनच्या आधी घाला. बाटली भरायच्या आदल्या दिवशी घातलेलं आम्ल जिभेवर सुटं लागतं.

## पायरी ५: फर्मेंटेशन

दाट रस यीस्टला मानवत नाही. बाहेर एवढी साखर असली की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, आणि यीस्ट त्याला तोंड देताना ग्लिसरॉलबरोबर अॅसेटिक आम्लही जास्त बनवतं. गोड वाइनमध्ये कधी कधी नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरसारखा वास येतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

1. जास्त साखर सोसणारं यीस्ट निवडा आणि नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त घ्या, अगदी दुपटीपर्यंत.
2. कोमट पाण्यात ते जागं केल्यावर थेट टाकीत ओतू नका. त्यात थोडा रस घाला, थांबा, पुन्हा थोडा घाला. यीस्ट आणि टाकी यांच्या तापमानातला फरक १० अंशांपेक्षा कमी झाला की मगच मिसळा.
3. पोषण दोन-तीन हप्त्यांत द्या आणि साधारण एक तृतीयांश साखर संपेपर्यंत पुरं करा. बोट्रायटिसच्या रसात बुरशीने थायमिन आणि नायट्रोजन आधीच खाल्लेलं असतं, तिथे हे टाळून चालतच नाही.
4. तापमान १५ ते १८ अंश ठेवा. यापेक्षा थंड ठेवलं तर सुरुवातच अडखळते.

सावधान: द्राक्ष पट्ट्यात प्रत्येकाच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं साधन) असतो, आणि नेमका तोच इथे फसवतो. अल्कोहोल तयार होऊ लागलं की त्याचा आकडा खरा राहत नाही, साखर असते त्यापेक्षा जास्त दिसते. तोडणीपर्यंत रिफ्रॅक्टोमीटर वापरा. यीस्ट घातल्यानंतर रोज हायड्रोमीटरने घनता बघा, आणि थांबवायची वेळ जवळ आली की ग्लुकोज व फ्रुक्टोज प्रयोगशाळेतून मोजून घ्या. यीस्ट ग्लुकोज आधी खातं, त्यामुळे मागे राहते ती मुख्यतः फ्रुक्टोज, आणि ती जिभेला जास्त गोड लागते. म्हणून थांबवायचा क्षण आकड्याबरोबर चाखूनही ठरवा.

## पायरी ६: थांबवणं

सर्वाधिक वाइन इथे बिघडते, म्हणून जरा सविस्तर.

मी काम केलेल्या एका ठिकाणी लिटरला नव्वद ग्रॅम साखर असलेली वाइन घाईत बाटलीत गेली होती. सल्फर (सल्फर डायऑक्साइड) घातला होता, सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारं रसायन) घातलं होतं, सगळ्यांना वाटलं झालं काम. मे महिन्यात गोदामात बुचं वर सरकू लागली आणि खोके चिकट झाले. पूर्ण लॉट गेला. चूक एकच होती, टाकीतलं यीस्ट थांबलेलं नव्हतं, फक्त सुस्तावलं होतं.

क्रम असा ठेवा आणि त्यात अदलाबदल करू नका:

1. थंड करणं. टाकी २ ते ४ अंशांवर आणा. मोठी टाकी थंड व्हायला वेळ लागतो आणि तोवर यीस्ट खात राहतं. रोज किती साखर कमी होते ते वहीत असेलच. हवा तो आकडा येण्याआधी साधारण एका दिवसाची साखर शिल्लक असतानाच कूलिंग सुरू करा.
2. गाळावरून काढणं. यीस्ट तळाशी बसलं की वाइन दुसऱ्या टाकीत घ्या. यीस्ट जितकं कमी, तितकं पुढचं सोपं.
3. सल्फर. मोकळा, म्हणजे वाइनमधल्या इतर घटकांनी बांधून न ठेवलेला, सल्फर डायऑक्साइड पीएच बघून ठरवा. त्यातला रेणुरूपातला, म्हणजे जंतूंवर खरं काम करणारा भाग, लिटरला ०.८ मिलिग्रॅम हवा असेल तर पीएच ३.२ ला साधारण २२, ३.४ ला ३२ आणि ३.६ ला ५० मिलिग्रॅम मोकळा लागतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनापैकी साधारण ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड असतो, हेही हिशोबात धरा.
4. पुन्हा मोजणं. गोड वाइन सल्फर बांधून ठेवते. आज मोकळा ३५ आला तर परवा तो १८ असू शकतो. दोन दिवसांनी मोजा, कमी असेल तर भर घाला, पुन्हा मोजा.
5. गाळणं. टप्प्याटप्प्याने गाळून शेवटी ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन, म्हणजे यीस्ट अडवणारा अतिबारीक छिद्रांचा फिल्टर. बोट्रायटिसच्या वाइनमध्ये ग्लुकन हा बुरशीतून आलेला चिकट पदार्थ असतो, तो फिल्टर लगेच चोंदवतो, म्हणून तिथे आधी ग्लुकन तोडणारं एन्झाइम वापरतात.

सॉर्बेटबद्दल. पोटॅशियम सॉर्बेट चालू फर्मेंटेशन थांबवत नाही. ते फक्त उरल्यासुरल्या यीस्टला वाढू देत नाही. शिवाय लॅक्टिक जिवाणू शिल्लक असतील तर सॉर्बेटपासून चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानाचा वास तयार होतो आणि तो कशानेच जात नाही. मेम्ब्रेन नीट असेल तर मी सॉर्बेटच्या वाटेला जाणार नाही.

## पायरी ७: बाटली

मेम्ब्रेनच्या पुढचं सगळं, म्हणजे पाइप, फिलर आणि नोझल, ८० अंशांच्या वरच्या गरम पाण्याने किमान २० मिनिटं धुवा. भरण्याआधी आणि भरून झाल्यावरही मेम्ब्रेनची बबल पॉइंट चाचणी, म्हणजे तो अखंड आहे का हे दाबाने तपासणारी चाचणी, घ्या. फक्त आधी घेतली तर मधेच फाटलेला मेम्ब्रेन कळणार नाही.

तपासा: प्रत्येक लॉटमधल्या काही बाटल्या २५ ते ३० अंशांवर तीन आठवडे उभ्या ठेवा. गढूळपणा, बुडबुडे किंवा वर सरकलेलं बूच यांतलं काहीही दिसलं तर लॉट बाहेर सोडू नका.

## पायरी ८: वर्गीकरण, म्हणजे लेबल वाचण्याचा क्रम

वर्गीकरणाचा गोंधळ होतो, कारण प्रत्येक देश वेगळी गोष्ट मोजतो. कोणी तोडणीच्या वेळची रसातली साखर मोजतो, कोणी बाटलीतली उरलेली, तर कोणी फक्त पद्धत किंवा गाव सांगतो. म्हणून लेबल हातात आलं की पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

### पहिला प्रश्न: स्पिरिट घातलं आहे का?

फ्रेंच लेबलवर ‘व्हँ दू नातुरेल’ असेल तर शब्दशः अर्थ नैसर्गिक गोड वाइन असला तरी ती स्पिरिट घालून थांबवलेली असते. म्युस्का द बोम द व्हनीझ, रिव्हेझाल्त, बान्यूल्स ही त्यातली. याउलट ‘व्हँ नातुरेलमाँ दू’ म्हणजे स्पिरिट न घालता गोड राहिलेली. ग्रीसच्या सामोस बेटावर दोन्ही प्रकार होतात, आणि उन्हात सुकवलेल्या मस्कतची सामोस नेक्टर दुसऱ्या गटातली. नाव जवळजवळ तेच, वाइन अगदी वेगळी. स्पेनची पेद्रो हिमेनेस शेरीही सुकवलेल्या द्राक्षांची, पण तिच्यात स्पिरिट असतं.

### दुसरा प्रश्न: आकडा रसाचा की बाटलीचा?

जर्मनीच्या काबिनेट, श्पेटलेजे, आउसलेजे, बेरेनआउसलेजे, आइसवाइन आणि ट्रोकनबेरेनआउसलेजे या पायऱ्या तोडणीच्या वेळच्या रसावरून ठरतात, एक्सले या मापात. पाण्यापेक्षा रसाचं लिटर जितके ग्रॅम जड, तितके एक्सले. बेरेनआउसलेजेला भागानुसार ११० ते १२८ लागतात, आइसवाइनला तेवढेच, आणि ट्रोकनबेरेनआउसलेजेला १५० ते १५४. या वर्गातल्या कुठल्याही वाइनच्या रसात साखर घालता येत नाही.

पण रस गोड होता म्हणून वाइन गोड असेलच असं नाही. श्पेटलेजेच्या रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्टला खाऊ दिली तर ती कोरडी वाइन होते, आणि लेबलवर सोबत ‘ट्रोकन’ लिहिलेलं असतं. इथे हमखास घोटाळा होतो. सुटा ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी वाइन. ट्रोकनबेरेनआउसलेजेमधला ‘ट्रोकन’ मात्र सुकलेल्या मण्यांबद्दल आहे, आणि ती जर्मनीची सर्वांत गोड वाइन. शंका आली तर अल्कोहोलचा आकडा बघा. ७ ते ९ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, १२-१३ असेल तर श्पेटलेजे बहुधा कोरडी.

ऑस्ट्रियातही रसच मोजतात, पण केएमडब्ल्यू या मापात, म्हणजे १०० किलो रसात किती किलो साखर. तिथे बेरेनआउसलेजे, आइसवाइन आणि सुकवलेल्या द्राक्षांची स्ट्रोवाइन २५ वर, ट्रोकनबेरेनआउसलेजे ३० वर.

तोकायमध्ये उलट, बाटलीतली साखर मोजतात. आसू म्हणजे बोट्रायटिसने सुकलेले, एकेक करून वेचलेले मणी. ते रसात किंवा वाइनमध्ये भिजवून पुन्हा दाबतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपात आसू मण्यांच्या किती टोपल्या घातल्या त्यावरून पुत्तोन्योशचा आकडा ठरे. आता आसूला लिटरमागे किमान १२० ग्रॅम उरलेली साखर लागते, आणि ६ पुत्तोन्योश लिहायला १५०. ३ आणि ४ पुत्तोन्योश २०१३ च्या नियमांनंतर बंद झाले, म्हणून तो आकडा दिसला तर बाटली जुनी आहे. एसेन्सिया म्हणजे मण्यांच्या स्वतःच्याच वजनाने गळलेला रस, त्यात किमान ४५० ग्रॅम. आणि सामोरोद्नी वेचलेल्या मण्यांची नसते, अख्ख्या घडांची असते, आणि कोरडी व गोड दोन्ही निघते.

दक्षिण आफ्रिका दोन्ही मोजते. नोबल लेट हार्वेस्टला रसात किमान २८ बॉलिंग, म्हणजे व्यवहारात ब्रिक्सच, आणि बाटलीत ५० ग्रॅमपेक्षा जास्त साखर.

### तिसरा प्रश्न: पद्धतीचं नाव खरं आहे का?

आइसवाइनमध्ये याची सर्वांत जास्त गरज आहे. जर्मनीत उणे ७ अंश, कॅनडात उणे ८ अंश किंवा त्याखाली, आणि घड वेलीवरच गोठलेले पाहिजेत. कॅनडाच्या ऑन्टारिओमध्ये रस किमान ३५ ब्रिक्सचा लागतो. तोडलेली द्राक्षं फ्रीझरमध्ये गोठवून चांगली गोड वाइन होते, पण तिला तिथे आइसवाइन म्हणता येत नाही. कोणी नाशिकच्या द्राक्षांची ‘आइसवाइन’ दाखवली तर पद्धत विचारा.

फ्रान्सच्या आल्सासमध्ये ‘व्हाँदांज तार्दीव’ म्हणजे उशिरा तोडलेली आणि ‘सेलेक्स्यों द ग्रँ नोब्ल’ म्हणजे बोट्रायटिसचे वेचलेले मणी. दुसरी नक्की गोड, पहिली बाटलीगणिक बदलते.

सोतेर्नच्या लेबलवर गोडीचा आकडाच नसतो. तिथलं १८५५ चं वर्गीकरण शातोंचं, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्यांचं आहे. दिकेम हा शातो सर्वांत वर, एकटा, त्याखाली प्रीमिये क्रू (पहिली श्रेणी) आणि दझिएम क्रू (दुसरी श्रेणी). त्यावरून त्या वर्षीचा हंगाम कसा होता ते कळत नाही. दिकेमने १९९२ आणि २०१२ मध्ये वाइन बाजारात आणलीच नाही, पण सगळेच असे थांबत नाहीत. म्हणून सोतेर्न घेताना शातोच्या नावाआधी साल बघा.

### चौथा प्रश्न: यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर?

युरोपीय लेबलवर सर्वसाधारणपणे लिटरला ४५ ग्रॅम किंवा जास्त उरलेली साखर असेल तर ‘गोड’ लिहिता येतं, त्याखाली ‘म्वालो’ किंवा ‘लीब्लिश’ यांसारखे शब्द येतात. ल्वार खोऱ्यातल्या वूव्रेची बाटली घेताना ‘सेक’ (कोरडी) आणि ‘म्वालो’ (गोडसर) हे शब्द शोधा, कारण तिथलं तेच शेनिन कोरडंही असतं आणि गोडही.

भारतीय लेट हार्वेस्ट बाटलीसाठी उत्पादकाकडून तीन आकडे मागा: तोडणीचा ब्रिक्स, बाटलीतली साखर आणि एकूण आम्लता. साखर १०० च्या पुढे आणि आम्लता लिटरला ६ ग्रॅमच्या खाली असेल तर आधी एकच बाटली घ्या, थंड करा, आणि दुसरा ग्लास भरावासा वाटतो का ते पाहून मग खोका मागवा.